रेल्वेने टाळलेलं निकोडेमस

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती अर्पण केली होती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. हे अनेक मराठी वाचकांना ठाऊक असतं. त्यापुढची गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. यादवी युद्धानंतर अमेरिकेत सुमारे चाळीस लाख माणसं कायद्याने मोकळी झाली. बहुतेकांच्या नावावर ना जमीन होती, ना घर, ना औतकाठी. मोकळं होऊन जायचं कुठे? पोटापाण्यासाठी पुन्हा जुन्या मालकाच्याच शेतावर राबायचं, तर सुटका झाली ती कशातून? ‘गुलामगिरी’ निघाल्यावर चारच वर्षांनी केंटकी राज्यातल्या अशा काहीशे माणसांनी या प्रश्नाचं आपल्यापुरतं उत्तर शोधलं. शेकडो मैलांवरच्या कॅन्ससमध्ये, उघड्या माळावर, त्यांनी स्वतःचं गाव वसवलं. त्या गावाचं नाव निकोडेमस.

हे गाव आजही आहे. कॅन्ससच्या वायव्य भागात ग्रॅहम काउंटीत, सॉलोमन नदीच्या खोऱ्यात, यूएस २४ या महामार्गाला लागून. २०२० च्या जनगणनेत इथे १४ माणसं मोजली गेली. चौदा हजार नव्हे, चौदा. दोन जुनी चर्च, एक शाळेची इमारत, एक जुनं हॉटेल, चुनखडीच्या दगडात बांधलेलं एक सभागृह, थोडी घरं आणि चहूबाजूंनी शेतं. एवढाच पसारा.

सरकारदरबारी निकोडेमसला स्वतंत्र नगराचा दर्जा नाही. अमेरिकेत एखाद्या वस्तीने रीतसर नोंदणी करून सनद घेतली, की तिला महापौर मिळतो, नगरपरिषद मिळते, स्वतःचे कर बसवता येतात. ज्या वस्त्या हे करत नाहीत किंवा ज्यांना ते झेपत नाही, त्यांचे रस्ते, पोलीस, जमिनीचे कागद हे सगळं काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, पाहते. आपल्याकडे गट ग्रामपंचायतीत मोडणाऱ्या वाडीचं जसं असतं, साधारण तसंच. वाडीला नाव असतं, देऊळ असतं, जत्रा असते, पण सरपंच शेजारच्या गावात बसतो. कॅन्ससमध्ये काउंटीखाली टाउनशिप नावाची आणखी एक पायरी असते आणि निकोडेमसच्या नावाची टाउनशिप आहे. चुनखडीचं ते सभागृह तिचंच. अशा वस्त्या अमेरिकेत हजारोंनी आहेत. बहुतेकांचा इतिहास नकाशावरच्या एका ठिपक्यापलीकडे जात नाही. निकोडेमसचा जातो, कारण इथल्या लोकांनी तो धरून ठेवला.

केंटकीतल्या माणसांनी घर सोडलं ते का, हे आधी समजून घ्यायला हवं. केंटकी हे गुलामगिरी असलेलं राज्य, पण यादवी युद्धात ते संघराज्यातून फुटलं नव्हतं. त्यामुळे लिंकनची १८६३ ची मुक्तीची घोषणा तिथे लागूच झाली नाही. तिथले गुलाम सुटले ते डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. पुढची बारा वर्षं दक्षिणेत पुनर्रचनेचा काळ चालला. संघराज्याच्या फौजा होत्या, कृष्णवर्णीयांना मत होतं, काही जण निवडूनही आले. १८७७ मध्ये राजकीय तडजोड झाली, दक्षिणेतल्या उरल्यासुरल्या फौजांचं संरक्षण काढून घेतलं गेलं, आणि पुढे काय होणार हे ओळखायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती. रात्री-अपरात्री येणाऱ्या टोळ्या, जाळपोळ, हिशोबात कायम बुडवणारी वाट्याची शेती. केंटकीतल्या जॉर्जटाउन आणि लेक्सिंग्टनच्या आसपासची कुटुंबं निघायचं म्हणू लागली.

कॅन्ससच का? एक तर त्या राज्याची कीर्ती. गुलामगिरी येऊ द्यायची की नाही यावरून १८५० च्या दशकात तिथे रक्त सांडलं होतं, गुलामगिरीचा कडवा विरोधक जॉन ब्राउन तिथे लढला होता, आणि १८६१ मध्ये ते गुलामगिरीमुक्त राज्य म्हणूनच संघराज्यात आलं होतं. दुसरं कारण रोकडं होतं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुठल्याही कुटुंबप्रमुखाला सरकारी पडीक जमिनीपैकी १६० एकर मिळू शकत होते. नोंदणीची फी भरायची, पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची, की सातबारा आपल्या नावावर झालाच म्हणून समजा. ज्यांना काही वर्षांपूर्वीपर्यंत मालकाच्या मालमत्तेच्या यादीत गुराढोरांशेजारी लिहिलं जात होतं, त्यांच्या दृष्टीने १६० एकर म्हणजे काय असेल याची कल्पना शेतीवर पोट असलेल्या कुणालाही सहज येईल.

एप्रिल १८७७ मध्ये निकोडेमस टाउन कंपनी स्थापन झाली. तिच्या सात जणांपैकी सहा कृष्णवर्णीय होते आणि एक गोरा, डब्ल्यू. आर. हिल. इंडियानातून आलेला हा गृहस्थ जमिनीचा सट्टा करणारा होता. कंपनीचे अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ आणि धर्मोपदेशक सायमन राउंडट्री हे कृष्णवर्णीयांमधले पुढारी. गावाचं नाव एका गुलामाच्या दंतकथेवरून पडलं असं मानतात. आफ्रिकेतून धरून आणलेला आणि स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलेला निकोडेमस नावाचा माणूस त्या काळच्या एका लोकप्रिय गाण्यातही होता. पत्रकं छापली गेली, केंटकीतल्या चर्चमधून सभा झाल्या. सुपीक काळी माती, वाहती नदी, मुबलक शिकार, गावात पाच डॉलरला घराची जागा. हिल बोलण्यात पटाईत होता. त्याने सांगितलेल्यातलं बरंचसं खरंही होतं. न सांगितलेलं जास्त महत्त्वाचं होतं.

सप्टेंबर १८७७ मध्ये सुमारे ३०० जणांचा मोठा तांडा रेल्वेने एलिस या स्टेशनावर उतरला. तिथून निकोडेमस साधारण ३५ मैल, म्हणजे पंचावन्न-छप्पन्न किलोमीटर. गाडीभाडं परवडणारे थोडेच होते. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, आणि पायी वाट. वाटेत झाड नाही. जिकडे पाहावं तिकडे कमरेएवढं गवत आणि वारा. पोहोचले तेव्हा गाव म्हणून दाखवायला काहीही नव्हतं. संतापलेल्या लोकांनी हिलला जाब विचारला, त्याला काही काळ लपून राहावं लागलं. काही कुटुंबांनी लगेच परतीची वाट धरली. (याच हिलच्या नावाने वसलेलं हिल सिटी आज ग्रॅहम काउंटीचं मुख्यालय आहे. जमिनीच्या दलालांना इतिहास बरेचदा फार सांभाळून घेतो.)

पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांची आठवण निकोडेमसमध्ये आजही सांगितली जाते. त्या धर्मोपदेशक डॅनियल हिकमन यांच्या पत्नी. एलिसला उतरल्यावर त्यांच्या तांड्यातल्या मुलांना गोवर आला, काही मुलं दगावली. दुःख गिळून माणसं चालत राहिली. अखेर पुरुषांनी ‘आलं गाव’ म्हणून ओरडा केला. विलियानाबाईंनी सगळीकडे नजर फिरवली, पण गाव काही दिसेना. नवऱ्याने बोट दाखवलं तिकडे जमिनीतून धूर वर येत होता. माणसं जमिनीच्या पोटात राहत होती. त्या बाईंना रडू कोसळलं.

ही जमिनीतली घरं म्हणजे काय, हे जरा जवळून पाहायला हवं. नदीकाठचा किंवा ओढ्याचा उतार निवडायचा. त्यात फावड्याने आत आत खणत जाऊन एका खोलीएवढा खड्डा करायचा. तीन भिंती आपोआप मातीच्या होतात. पुढची चौथी भिंत गवताच्या मुळ्यांनी घट्ट विणलेल्या मातीच्या लाद्यांची किंवा दगडांची. वर वाळुंजाच्या नाहीतर कॉटनवुडच्या फांद्या आडव्या टाकायच्या, त्यावर काटक्या-गवत, त्यावर पुन्हा माती. मागच्या भिंतीत कोरून चूल करायची आणि तिला वर धुराडं. आतून भिंती चुनखडीने सारवून घेतल्या की थोडा उजेड वाढायचा. हिवाळ्यात आत ऊब, उन्हाळ्यात गारवा, हे खरं. पण पाऊस आला की बाहेर थांबल्यावरही आत दोन दिवस गळत राहायचं, आणि छपरातून कधी साप खाली येईल सांगता येत नसे. जळणासाठी लाकूड नव्हतं. सूर्यफुलाचे वाळलेले दांडे आणि रानगव्यांचं सुकलेलं शेण, यावर चुली पेटत. अशाच एका घरात ऑक्टोबर १८७७ मध्ये एमा विल्यम्स यांना मुलगा झाला. हेन्री विल्यम्स. निकोडेमसमध्ये जन्मलेलं पहिलं मूल.

पहिला हिवाळा फार वाईट गेला. पेरणीचा हंगाम केव्हाच टळला होता. नांगर ओढायला जनावरं जवळजवळ नव्हतीच. त्या माळाची माती कधी फुटलेली नव्हती. शतकानुशतकांच्या गवताच्या मुळ्यांनी ती इतकी घट्ट झाली होती, की ती फोडायला लोखंडी फाळ आणि दणकट जोडी लागे. या लोकांनी ती फावड्यांनी आणि कुदळींनी फोडली. पुरुष रेल्वेच्या आणि दूरच्या शेतांवरच्या मजुरीला पायी जात, महिनोन्‌महिने परतत नसत, आणि जमीन सांभाळण्याचं काम बायकापोरांवर पडे. गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी आणखी एक आठवण आहे. त्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी आपल्याजवळचं मांस या नवख्या माणसांना दिलं.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. ओसेजांना नुकतंच कॅन्ससमधून दक्षिणेकडच्या ‘इंडियन टेरिटरी’त हटवण्यात आलं होतं. ज्यांच्या नावावरून राज्याला कॅन्सस म्हणतात त्या कान्सा लोकांनाही १८७३ मध्ये तिकडेच पाठवलं होतं. रानगव्यांचे कळप कातड्यासाठी बंदुकीने संपवले जात होते. होमस्टेड कायद्याने वाटलेली ‘पडीक’ जमीन कुणाची तरी होती. गुलामगिरीतून सुटलेल्यांना जमीन मिळाली ती दुसऱ्या एका लोकसमूहाला उठवून, आणि त्याच समूहातल्या माणसांनी त्यांना उपाशी मरू दिलं नाही. निकोडेमसचा गौरव करताना ही गोष्ट वगळली, तर तो गौरव अर्धाच राहतो.

हळूहळू जम बसला. पीक येऊ लागलं, मका आणि गहू पिकू लागले. सुरुवातीला बाहेरून मदत मागावी लागली होती, पण १८७९ मध्ये गावाने टाउन कंपनी गुंडाळली आणि मदतफेऱ्या बंद केल्या. झॅकरी फ्लेचर हे पहिले पोस्टमास्तर. त्यांच्या पत्नी जेनी फ्लेचर पहिल्या शिक्षिका. फ्लेचरांनीच सेंट फ्रान्सिस हॉटेल उभारलं. जमिनीतल्या घरांच्या जागी मातीच्या लाद्यांची, मग दगडाची घरं आली. शाळा आली, आणि ती काउंटीतला पहिला शालेय जिल्हा म्हणून नोंदली गेली. ज्या लोकांना अक्षर शिकल्याबद्दल दक्षिणेत फटके खावे लागत, त्यांच्या गावाने काउंटीत शाळेचा पहिला क्रमांक पटकावावा, याचं महत्त्व आकड्यांत मावणारं नाही.

१८७८ मध्ये आलेला एक तरुण पुढे या गावाचं नाव राज्यभर घेऊन गेला. एडवर्ड मॅककेब. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरात जन्मलेला, वॉल स्ट्रीटवर आणि शिकागोत कारकुनी केलेला, हुशार. निकोडेमसमध्ये तो जमिनीच्या नोंदींची कामं करू लागला. १८८० मध्ये ग्रॅहम काउंटी अधिकृतपणे अस्तित्वात आली, तेव्हा गव्हर्नरने त्याला हंगामी काउंटी क्लार्क नेमलं. १८८२ मध्ये तो कॅन्ससचा राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आला आणि १८८४ मध्ये पुन्हा. त्या राज्यात राज्यपातळीवरच्या पदावर निवडून आलेला तो पहिला कृष्णवर्णीय माणूस. नुकत्याच वसलेल्या एका खेड्यातून ही झेप होती. पुढे मॅककेब ओक्लाहोमात गेला, १८९० मध्ये लँगस्टन हे कृष्णवर्णीयांचं नगर वसवण्यात त्याने पुढाकार घेतला. ओक्लाहोमा १९०७ मध्ये राज्य झालं आणि त्याच्या विधिमंडळाने पहिल्यांदा काय केलं, तर रेल्वेत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे डबे वेगळे केले. मॅककेबने रेल्वे कंपन्यांविरुद्ध खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९१४ मध्ये त्याच्या पदरी हार आली.

रेल्वेचा आणि निकोडेमसच्या माणसांचा संबंध त्याआधीच फार कडवट झाला होता.

१८८० च्या दशकाच्या मध्याला निकोडेमस बहरात होतं. दुकानं, हॉटेलं, बँक, चर्च, आणि दोन वर्तमानपत्रं. १८८६ मध्ये ‘वेस्टर्न सायक्लोन’ निघालं, १८८७ मध्ये ‘निकोडेमस एंटरप्राइज’. एवढ्याशा गावाला दोन पत्रं कशाला, असं आज वाटेल. त्या काळात माळावरचं प्रत्येक गाव पत्र काढायचं, कारण बाहेरच्या माणसांना आणि मुख्य म्हणजे रेल्वे कंपन्यांना दाखवायचं होतं, की हे गाव वाढणार आहे. गहू पिकवून भागत नव्हतं. तो बाजारात न्यायचा तर बैलगाडीने तीस-चाळीस मैल. रेल्वे आली की धान्य गावातच चढणार, कोळसा, लाकूड, अवजारं स्वस्तात उतरणार. रेल्वे न आली तर दुसरीकडे जाणार आणि गिऱ्हाईक तिच्यामागे जाणार.

रेल्वे कंपन्यांना हे नेमकं ठाऊक होतं. म्हणून त्या गावांकडून कर्जरोखे मागत. तुम्ही इतके पैसे उभे करा, मग आम्ही रूळ तुमच्याकडून नेतो. निकोडेमसच्या मतदारांनी १८८७ मध्ये मिसुरी पॅसिफिक कंपनीसाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. दहा वर्षांपूर्वी जमिनीत खड्डे खणून राहणाऱ्या माणसांनी आपल्या शेतीवर हे ओझं घ्यायची तयारी दाखवली. रूळ आलेच नाहीत. पुढच्या वर्षी युनियन पॅसिफिकने मार्ग टाकला तो नदीच्या दक्षिणेकडून, आणि काही मैल नैर्ऋत्येला बोग नावाचं नवं स्टेशन वसलं. त्या काळात कंपन्या शक्य तिथे जुन्या गावाला न शिवता स्वतःच्या जागेवर नवं गाव आखत, कारण प्लॉटविक्रीचा नफा मग त्यांच्याच खिशात जाई. निकोडेमसचे दुकानदार काय करणार? गिऱ्हाईक तिकडे गेल्यावर तेही गेले. काहींनी तर लाकडी दुकानं उचलून नदीपार नेली. वर्तमानपत्रं बंद पडली. १८८८ हे साल निकोडेमसच्या इतिहासाचे दोन भाग पाडतं. त्याआधी ते शहर होऊ पाहत होतं, त्यानंतर ते खेडं म्हणून जगलं.

पुष्कळ लेखकांनी निकोडेमसची गोष्ट इथेच संपवली आहे. रेल्वे आली नाही, गाव मेलं. हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. व्यापार गेला, पण जमीन राहिली, आणि ही माणसं आली होती ती जमिनीसाठीच. बँक आणि हॉटेलं ही दहा वर्षांची चैन होती. शेतीचं मात्र मूळ धरलं होतं. कित्येक कुटुंबांनी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिढीपर्यंत ती जमीन कसली. १९०७ मध्ये बॅप्टिस्ट मंडळींनी नवं चर्च बांधलं. शाळा जळाली, तर १९१८ मध्ये पुन्हा नवी उभी केली. ‘निकोडेमस ब्लूज’ नावाचा बेसबॉलचा संघ आसपासच्या गावांत खेळायला जाई. मरणाऱ्या गावात ही कामं होत नाहीत.

मराठी घराघरांत वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे पोहोचलेला कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८८० च्या दशकात याच माळावर होता. निकोडेमसच्या दक्षिणेला मधली एक काउंटी ओलांडून नेस काउंटीत त्याने १८८६ मध्ये १६० एकरांचा होमस्टेड घेतला आणि मातीच्या लाद्यांचं घर बांधलं. दोनेक वर्षांत त्याने ते सोडलं आणि पुढे शिक्षणासाठी आयोवात गेला. त्याचं एकट्याचं धडपडणं आणि निकोडेमसचं गावानं मिळून धडपडणं शेजारी शेजारी ठेवून पाहावं. एकट्या माणसाला तो माळ झेपणं कठीण होतं. निकोडेमसमध्ये एकाची जोडी दुसऱ्याच्या शेतात जाई, एकीच्या बाळंतपणाला दुसरी धावे, चर्चमध्ये प्रत्येकाचं दुखणं-खुपणं कळे, म्हणून पीक गेलेल्या वर्षीही माणसं टिकली.

मोठा घाव बसला तो १९३० च्या दशकात. मंदीने धान्याचे भाव पडले, पाठोपाठ अवर्षण आलं, आणि नांगरून उघडी केलेली माळाची माती वाऱ्यावर उडू लागली. दिवसा दिवे लावावे लागतील अशी धुळीची वादळं कॅन्ससने त्या वर्षांत पाहिली. तरुण डेन्व्हरला, टोपिकाला, कॅन्सस सिटीला, कॅलिफोर्नियाला गेले. १९३५ मध्ये गावात ७६ माणसं उरली होती, १९५० मध्ये १६. मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली. बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून १९३९ मध्ये टाउनशिपचं चुनखडीचं सभागृह उभं राहिलं. पण १९५३ मध्ये पोस्ट बंद झालं, पुढे शाळाही. पोस्ट गेलं की खेड्याचं नाव पत्त्यांतून जातं. कागदोपत्री निकोडेमस संपल्यात जमा होतं.

ते संपलं नाही, याचं कारण उन्हाळ्यातल्या एका उत्सवात आहे. वसाहतीच्या सुरुवातीच्या वर्षांपासूनच निकोडेमसमध्ये मुक्तिदिन साजरा होऊ लागला. तारीख १ ऑगस्ट, कारण १८३४ मध्ये त्या दिवशी ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीजमधली गुलामगिरी कायद्याने संपली होती. स्क्रग्ज ग्रोव्ह या झाडीत मेजवानी, भाषणं, घोडदौडी, बेसबॉल, नाच. आसपासचे गोरे शेतकरीही येत. गाव रिकामं होत गेलं तसा हा मुक्तिदिन माहेरपणाचा उत्सव झाला. बाहेर पडलेली माणसं मुलाबाळांना घेऊन जुलैच्या शेवटच्या आठवड्यात परत येऊ लागली, आणि आजही येतात. गावात कायम राहणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण त्या तीन-चार दिवसांत शेकडोंची वर्दळ. निकोडेमसचे वंशज आज साऱ्या अमेरिकेत विखुरलेले आहेत आणि आपलं गाव सांगताना ते शहराचं नाव घेत नाहीत, निकोडेमसचं घेतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये १९५४ साली ग्रीन बे पॅकर्सने एकूण चौथ्या क्रमांकावर निवडलेला व्हेरिल स्विट्झर हा याच गावात १९३२ मध्ये जन्मला. पुढे कॅन्सस स्टेट विद्यापीठात तो मोठ्या पदांवर राहिला, पण गावाकडची शेती त्याने सोडली नाही.

१९७६ मध्ये निकोडेमसच्या जुन्या वस्तीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी केंटकीच्या विधिमंडळाने तेरावी घटनादुरुस्ती, म्हणजे गुलामगिरी संपवणारी दुरुस्ती, औपचारिकपणे मान्य केली. १११ वर्षं उशिराने. ज्या राज्यातून ही माणसं बाहेर पडली, त्याला एवढा वेळ लागला. पुढे वंशजांपैकी अँजेला बेट्स यांनी गावाच्या इतिहासाची संस्था उभी केली, कागद, छायाचित्रं, आठवणी गोळा केल्या आणि गाव जतन व्हावं म्हणून केंद्र सरकारकडे पाठपुरावा केला. कॅन्ससचे सिनेटर बॉब डोल यांनीही त्यासाठी विधेयक मांडलं. नोव्हेंबर १९९६ मध्ये निकोडेमस राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अखत्यारीत आलं. पाच इमारती संरक्षित झाल्या: १८८५ चं आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल (ए.एम.ई.) चर्च, १९०७ चं बॅप्टिस्ट चर्च, सेंट फ्रान्सिस हॉटेल, १९१८ ची शाळा आणि १९३९ चं टाउनशिप सभागृह. पुनर्रचनेच्या काळात मिसिसिपीच्या पश्चिमेला कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावांपैकी आज टिकून राहिलेलं हे एकमेव गाव मानलं जातं.

इमारती वाचवणं त्यातल्या त्यात सोपं आहे. जमिनीचं तसं नाही. अमेरिकेत १९२० मध्ये नऊ लाखांवर कृष्णवर्णीय शेतकरी होते. शतकाअखेरीस त्यातले अगदी थोडे उरले. कर्जवाटपात झालेल्या भेदभावाबद्दल शेतकऱ्यांनी केंद्रीय कृषी खात्यावर दावा लावला आणि १९९९ मध्ये खात्याला मोठी तडजोड मान्य करावी लागली. तोवर कित्येकांच्या जमिनी लिलावात निघून गेल्या होत्या. निकोडेमसभोवतीही वंशजांच्या नावावर असलेली शेती पूर्वीच्या मानाने थोडीच आहे. राष्ट्रीय स्मारकाची पाटी लागली म्हणून शेतकऱ्याला कर्ज मिळत नाही, आणि ज्या गोष्टीसाठी हे गाव वसलं ती गोष्टच हातची गेली, तर पाच इमारतींनी निकोडेमस पुरतं सांगून होणार नाही. उद्यान सेवेने वास्तूंइतकंच लक्ष या शेतांकडे द्यायला हवं. वंशजांना ती जमीन कसत राहता यावी, याची तजवीज हे जतनाचंच काम आहे.

अमेरिकेत राहणारी कितीतरी मराठी कुटुंबं सुट्टीत कॅन्सस सिटीहून डेन्व्हरकडे आय-७० या महामार्गाने मोटारीने जातात. तो रस्ता एलिसवरून जातो, जिथे १८७७ चा तांडा रेल्वेतून उतरला होता. थोडं पुढे वाकिनीला महामार्ग सोडावा, यूएस २८३ ने उत्तरेला हिल सिटी गाठावी आणि यूएस २४ वर पूर्वेकडे वळावं. आय-७० पासून हा साधारण तासाभराचा फेरा आहे. टाउनशिपच्या सभागृहातच माहिती केंद्र आहे. मुलं सोबत असतील तर त्यांना जरूर न्यावं, आणि जमलं तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात न्यावं, म्हणजे गाव भरलेलं पाहायला मिळेल.